मुळशीचं पाणी, मालवणचे मासे

मुळशी धरणात साठलेल्या पाण्याला दोन वाटा आहेत. सांडव्यावरून सुटलेलं पाणी मुळेतून पुण्याकडे येतं, मुठेला मिळतं आणि भीमा-कृष्णा करत बंगालच्या उपसागरात जातं. पण धरण बांधलं गेलं ते दुसऱ्या वाटेसाठी. टाटांच्या वीज कंपनीने 1920 च्या दशकात हे पाणी सह्याद्रीपलीकडे वळवलं आणि सुमारे 500 मीटर खाली, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या वीजगृहावर नेऊन सोडलं. 1927 पासून ते तिथे वीज तयार करून कुंडलिका नदीत उतरतं आहे. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते याच पाण्याच्या जोरावर. सकाळी भिऱ्याहून पाणी सुटलं की नदीला वेग येतो आणि रबरी होड्या पाण्यात पडतात. पुढे रोह्यावरून रेवदंडा-कोर्लईच्या खाडीतून हे पाणी अरबी समुद्राला मिळतं.

पाणी रोज समुद्रावर जातं; माणसंही आता सुट्टी मिळाली की ताम्हिणी घाट उतरून जातात. पण बहुतेकांचा समुद्र वाळू, लाटा, सूर्यास्त आणि माशाचं ताट एवढ्यावरच थांबतो. पाण्याखाली डोकं घालून तिथलं जग पाहणारे थोडे. ज्यांना ते पाहायचं असतं त्यांच्यापुढे हल्ली दोन चित्रं असतात. एक परदेशी जलउद्यानांचं आणि दुसरं मालवण-तारकर्लीच्या स्नॉर्केलिंगचं. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन अनुभवांत मूलभूत फरक आहे आणि तो समजून गेलं तर पाण्याखालचा तासभर कितीतरी जास्त अर्थपूर्ण होतो.

भिंतीआडचा समुद्र

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो नावाचं शहर आहे. मुळशीसारखंच तेही समुद्रापासून आत वसलेलं. तिथे 2000 साली ‘डिस्कव्हरी कोव्ह’ नावाचं जलउद्यान सुरू झालं. माणसांनी बांधलेल्या खाऱ्या पाण्याच्या तळ्यांत हजारो उष्णकटिबंधीय मासे सोडलेले आहेत. पाहुण्यांना मास्क आणि नळी लावून त्यांच्यामध्ये पोहता येतं, पाकटांना हात लावता येतो, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली डॉल्फिनबरोबर पाण्यात उतरता येतं. पाकटांच्या शेपटीवरचे विषारी काटे आधीच काढलेले असतात. पाणी गाळलेलं, तळ स्वच्छ, लाटा नाहीत, प्रवाह नाही. भेट ठरलेल्या वेळी होणार, याची खात्री तिकिटातच असते.

असं काही आपल्याकडे का नाही? डॉल्फिनच्या बाबतीत याचं उत्तर सरकारी धोरणात आहे. मे 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने सर्व राज्यांना परिपत्रक काढून डॉल्फिन पाळून त्यांचे खेळ दाखवणाऱ्या उद्यानांना परवानगी देऊ नये असं कळवलं. डॉल्फिन आणि व्हेल हे अत्यंत बुद्धिमान आणि संवेदनशील प्राणी आहेत, करमणुकीसाठी त्यांना कोंडून ठेवणं नैतिकदृष्ट्या योग्य नाही, अशी स्पष्ट भूमिका त्यात होती. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात डॉल्फिनना आधीपासूनच सर्वोच्च संरक्षण आहे. डॉल्फिन आवाजाच्या साह्याने जग ‘पाहतो’. तो आवाज सोडतो आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य, खडक आणि सोबती ओळखतो. दिवसभर कळपाने मैलोन्‌मैल भटकणाऱ्या अशा प्राण्याला चार भिंतींच्या तळ्यात किती गोष्टींना मुकावं लागत असेल, ते यावरून समजावं.

खुद्द सिंधुदुर्ग जिल्ह्यातही मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणी भागात ‘सी वर्ल्ड’ हे जलउद्यान उभारण्याची योजना सरकारने पुढे आणली होती. जमिनी जाण्याच्या भीतीने स्थानिकांनी तिला विरोध केला आणि ती वर्षानुवर्षं रेंगाळली. ज्या मुळशीत 1921 साली धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तिथल्या माणसाला ही भीती समजावून सांगायची गरज नाही. शिवाय तोंडवळीपासून थोड्याच अंतरावर खरा, जिवंत समुद्र सर्वांसाठी खुला होता.

कुरटे बेटाच्या पायाशी

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 साली सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला. ही जागा निवडण्यामागे एक कारण होतं ते भोवतालचे खडक. शत्रूच्या मोठ्या गलबतांना पाण्याखालच्या या खडकांतून वाट काढणं अवघड होतं. नेमके हेच खडक आज पर्यटकांना पाण्यात ओढून आणतात, कारण त्यांच्यावर प्रवाळ वाढले आहेत.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यातले प्रवाळ फार थोड्या ठिकाणी आहेत. प्रवाळाला सूर्यप्रकाश हवा आणि स्वच्छ पाणी हवं. आपला किनारा खाड्यांनी भरलेला आहे. पावसाळ्यात सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या गाळ आणतात, पाणी तांबडं होतं आणि खारटपणा घटतो. या सगळ्याला पुरून उरलेल्या चिवट जातीच मालवणला टिकल्या आहेत. पोराइट्स ही त्यांतली एक. तिचे घुमटाच्या आकाराचे गोळे वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे हातभर उंचीचा गोळा दिसला, तर तो आजीच्या लहानपणापासून तिथे वाढतो आहे असं समजायला हरकत नाही.

ही श्रीमंती ओळखून 1987 साली सुमारे 29 चौरस किलोमीटरचा परिसर मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्ग आणि पद्मगड या किल्ल्यांभोवतीचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. मासेमारीवर पोट असलेल्या गावांनी अभयारण्याकडे बराच काळ संशयाने पाहिलं आणि त्यांची शंका निराधार नव्हती. नकाशावरची रेघ माणसाला विश्वासात घेतल्याशिवाय पाण्यात उतरत नाही. पुढच्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने सरकारबरोबर राबवलेल्या प्रकल्पातून स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग आणि स्कुबाचं प्रशिक्षण मिळालं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. काल जाळी ओढणाऱ्या घरातला मुलगा आज पर्यटकाचा हात धरून त्याला प्रवाळ दाखवतो. जिवंत खडकात त्याच्या घराचा वाटा तयार झाला, हे या किनाऱ्याने कमावलेलं मोठं संरक्षण आहे.

मास्क, नळी आणि शरीर

स्नॉर्केलिंगची साधनं अगदी साधी आहेत. त्यांमागचं विज्ञान मात्र समजून घेण्यासारखं आहे.

पाण्यात डोळे उघडले तर सगळं अंधुक दिसतं. हवेतून डोळ्यात शिरताना प्रकाश बुबुळावरच्या पारदर्शक पटलाशी जोरात वळतो आणि म्हणून प्रतिमा स्पष्ट उमटते. पाणी आणि हे पटल यांची प्रकाशीय घनता जवळपास सारखी असल्याने पाण्यात प्रकाश तिथे पुरेसा वळत नाही. मास्क डोळ्यांपुढे हवेचा थर परत आणून देतो. मात्र पाण्यातून काचेमागच्या हवेत येताना प्रकाश पुन्हा वळतो, त्यामुळे प्रत्येक वस्तू आहे त्यापेक्षा सुमारे पाव अंतराने जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. हात लांबवून मासा सापडत नाही, तो यामुळे. आणि परत आल्यावर ‘एवढा मोठा मासा’ असं प्रत्येकजण सांगतो, तोही प्रामाणिकपणे!

मास्क पाण्यात उतरण्यापूर्वीच तपासावा. पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवून नाकाने श्वास आत ओढायचा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. दाट मिशी असेल तर फटीतून पाणी झिरपतं. तशा वेळी गाइडकडून आधीच वेगळा मास्क मागून घ्यावा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी फिरवून धुण्याचा जुना उपाय आजही चालतो.

नळी साधारण दीड-दोन वीत लांब असते. ती लांब केली तर खोलवर जाऊन श्वास घेता येईल का, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उत्तर दाबात आहे. एक मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे 100 ग्रॅमचा जास्तीचा भार पडतो. नळीतली हवा मात्र वरच्याच दाबाची. एवढ्या भाराविरुद्ध बरगड्या फुगवून हवा ओढणं शरीराला जमत नाही. शिवाय लांब नळीत आपलाच सोडलेला श्वास साचून तोच परत आत जातो. स्कुबामध्ये टाकीतली हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाएवढीच करून तोंडाशी दिली जाते, म्हणून तिथे खोल उतरता येतं.

धरणात पोहायला शिकलेल्याला समुद्रात एक सुखद फरक जाणवतो. खाऱ्या पाण्याची घनता सुमारे अडीच टक्के जास्त असते. 60 किलोच्या माणसाला त्यामुळे जवळजवळ दीड किलोचा जादा आधार मिळतो. त्यात लाइफ जॅकेट असेल तर पोहता न येणाऱ्यालाही पालथं पडून तरंगता येतं. पहिली दोन-तीन मिनिटं मात्र मन घाबरतं. चेहरा पाण्यात असताना तोंडाने श्वास घेणं शरीराच्या सवयीविरुद्ध आहे. सावकाश, लांब श्वास सोडत राहिलं की नाडी खाली येते आणि मग डोळे कामाला लागतात.

खडकाजवळ काय घडतं

सर्वांत आधी लक्ष वेधतो तो आवाज. खडकाजवळ पाण्यात सतत बारीक कडकड ऐकू येत राहते. बोटभर लांबीच्या कोळंबीसारख्या जिवांची ती करामत. त्यांचा एक चिमटा इतक्या वेगाने मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि आवाज होतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,500 मीटर वेगाने धावतो, हवेच्या चौपटीहून जास्त. दोन्ही कानांना तो जवळपास एकाच वेळी मिळत असल्याने कुठल्या दिशेने येतो ते आपल्याला कळत नाही. बोटीचं इंजिन ऐकू आलं तर डोकं वर काढून पाहावं, ते याच कारणाने.

नजर स्थिरावली की पाच काळे पट्टे मिरवणारे सार्जंट मासे दिसतात. त्यांच्यातला एखादा निळसर झालेला नर एकाच जागेभोवती घिरट्या घालत असेल तर थांबून पाहावं. खडकाच्या त्या चपट्या भागावर जांभळट रंगाचा पातळ थर असतो. ती त्याची अंडी. मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण बापाकडे असते. तो पंखांनी त्यांच्यावर ताजं पाणी मारतो, जवळ आलेल्या माशावर झेप घेतो, आणि आपला मास्क फार जवळ गेला तर आपल्यावरही. तळहाताहून लहान मासा आपल्याला अंगावर येऊन परतवून लावतो, याहून खरी भेट कुठली?

आता याच जागी वरून कुणी पावाचे तुकडे टाकले तर काय होतं पाहा. पन्नास-साठ मासे एकदम उसळतात, फोटो छान येतो. पण राखण करणारा नर पावामागे गेला तर अंडी इतरांच्या तोंडी पडतात. खडकावरचं शेवाळ खरवडून प्रवाळाला जागा मोकळी ठेवणारे मासे मैद्याने पोट भरतात आणि शेवाळ वाढत राहतं. म्हणून पाव टाकू नये आणि गाइड टाकत असेल तर त्याला नम्रपणे थांबवावं.

खुद्द प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो प्राण्यांची वसाहत आहे. काही मिलिमीटरचा एकेक जीव आपल्याभोवती चुन्याची वाटी बांधतो. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशापासून अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्यांचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जरी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं तरी ही जोडी तुटते, शैवालं बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांतही असं पांढरं पडणं नोंदवलं आहे. आधीच तापाने आजारी असलेल्या या जिवावर आपला पाय पडला तर त्याची पातळ त्वचा फाटते. प्रवाळ हा कायद्याने वाघाच्याच परिशिष्टात आहे. त्याचा तुकडा खिशात टाकणं हा गुन्हा आहे.

कोणता दिवस, कोणती वेळ

धरणाची पातळी ऋतूने बदलते, समुद्राची दर सहा तासांनी. ही गोष्ट घाटावरच्या माणसाच्या अंगवळणी पडलेली नसते आणि तिची किंमत फार मोठी आहे. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, ती जखम अजून अनेक घरांत ओली आहे.

कोकणात भरतीचा जुना ठोकताळा आहे: तिथीच्या पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. मग सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. ठिकाणानुसार थोडा फरक पडतो, आणि आज मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रकही मिळतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी जास्त चढतं-उतरतं, प्रवाह जोरात वाहतात आणि तळाचा गाळ ढवळतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते; पाणी शांत आणि त्यामुळे निवळ. स्नॉर्केलिंगसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले हेच दिवस धरावेत आणि वारा उठण्याआधीची सकाळ निवडावी. पावसाळ्यात हा व्यवसाय बंदच असतो आणि तो बंद असणंच योग्य.

मोठे जीव आणि दुखरे काटे

कोकणच्या किनाऱ्याजवळ दिसणारा डॉल्फिन बहुधा पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक डॉल्फिन असतो. तो उथळ, किनाऱ्यालगतच्या पाण्यात राहतो. म्हणजे मासेमारी, बंदरं, प्रदूषण आणि पर्यटकांच्या बोटी यांच्या अगदी मध्ये. जागतिक पातळीवर ही जात संकटग्रस्त मानली जाते. डॉल्फिन दिसला की चार बोटी चारी बाजूंनी धावतात, तेव्हा आवाजावर जगणाऱ्या या प्राण्याचं सगळं जगच गोंधळून जातं. चांगला तांडेल, म्हणजे बोटीचा चालक, बोट अंतरावर ठेवतो, वेग उतरवतो, कळपाच्या पुढे आडवा जात नाही आणि थोड्या वेळाने स्वतःहून बोट वळवतो. कळपाला यायचं असेल तर तो येतो.

समुद्री कासवांचंही तसंच. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत कोकणच्या वाळूत अंडी घालायला येतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावाबरोबर उभं केलेलं संरक्षणाचं काम आणि कासव महोत्सव आता सर्वांना माहीत आहे. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा टॅग लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. आपण नकाशावर दोन समुद्र वेगळे रंगवतो. तिने ते एकाच आयुष्यात जोडले. जाळ्यात सापडलेल्या अशा संरक्षित जिवांना जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमारांना डिसेंबर 2018 पासून राज्य सरकार भरपाई देतं. त्या योजनेचे फोटो पाहिले की जाळं कापणाऱ्या हातांबद्दल आदर वाटतो.

काही जिवांपासून आपण जपायचं. पाकट वाळूत अंग पुरून बसतं आणि पाय पडला तरच काटा मारतं. 2013 च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना हा अनुभव आला. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावं. चाहूल लागली की पाकट निघून जातं. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते. लगेच डॉक्टर गाठावा. झार, म्हणजे जेलीफिश, अंगाला लागली तर चोळू नये आणि गोडं पाणी लावू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावं. अंगभर, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला तर झार आणि ऊन दोन्हींपासून बचाव होतो आणि प्रवाळाला अपाय करणारी सनस्क्रीनही कमी लागते.

आणि लाइफ जॅकेट बोटीत बसल्यापासून उतरेपर्यंत अंगावर हवं. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्यातला कार्यक्रम संपला म्हणजे धोका संपला असं नसतं.

दर विचारण्याआधी

मालवणात उतरल्यावर बोटीचा दर तर सगळेच विचारतात. त्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. बोटीत मोजकीच माणसं घेता का? प्रत्येकाला मापाचं जॅकेट आहे का? पाण्यात माझ्याबरोबर प्रशिक्षित गाइड असेल का? मासे जमवायला पाव टाकता का? पहिल्या तिन्हींना ठाम होकार आणि चौथ्याला ठाम नकार मिळाला, तर दोनशे रुपये जास्त मोजूनही तीच बोट घ्यावी.

त्या दिवशी पाणी गढूळ निघेल, डॉल्फिन दिसणार नाही, कासव तर नाहीच नाही, असंही होईल. जंगलात वाघ न दिसल्याबद्दल कुणी वनरक्षकाशी भांडत नाही; समुद्रालाही तेवढी मोकळीक द्यायला हवी. भिंतीआड भेटीची हमी मिळते, कारण तिथे प्राण्याला निघून जायची सोय नसते. मालवणच्या पाण्यात तो केव्हाही निघून जाऊ शकतो, आणि तरीही काही क्षण आपल्याजवळ थांबतो. त्या थांबण्याला मोल आहे. ते टिकवायचं असेल तर पर्यटकाने बोटीवाल्याला सांगायला हवं की मला प्राणी जवळून दिसला नाही तरी चालेल, त्याला त्रास झालेला चालणार नाही. गिऱ्हाईक जे मागतं तेच धंदा पुरवतो. त्यामुळे ही मागणी घाटावरून उतरणाऱ्या प्रत्येक गाडीतून व्हायला हवी.